घाटमाथ्यावरच्या टपालवाटा

महाराष्ट्रात औंध हे नाव पत्त्यावर लिहिताना नेहमीच जपावे लागते. पुण्याचे उपनगर बनलेले औंध वेगळे, नागनाथाच्या ज्योतिर्लिंगामुळे प्रसिद्ध असलेले हिंगोली जिल्ह्यातील औंढा वेगळे आणि यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले, पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी असलेले सातारा जिल्ह्यातील औंध वेगळे. पाकिटावर ४११००७ लिहिले की पत्र पुण्याच्या औंधला जाते आणि ४१५५१० लिहिले की ते खटाव तालुक्यातल्या औंधला पोचते. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून होणारा घोटाळा टाळण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने पिनकोड सुरू केला. त्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याला दिले जाते. वेलणकर टपाल खात्यात होते, तसेच संस्कृतचे जाणते लेखकही होते.

मात्र हा सहा आकडी क्रमांक थोडा निरखून पाहिला, तर त्यात पत्त्यापलीकडचेही काही दडलेले आढळते. पिनकोडाचा पहिला आकडा देशातील विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग आणि तिसरा टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा. साताऱ्याचे पिनकोड ४१५ ने सुरू होतात, हे ठीकच आहे. पण सह्याद्रीपलीकडच्या चिपळूणचा क्रमांक ४१५६०५ आणि रत्नागिरी शहराचा ४१५६१२ आहे. उलट, सातारा जिल्ह्यातच असलेल्या वाईचा ४१२८०३, पाचगणीचा ४१२८०५ आणि महाबळेश्वरचा ४१२८०६ हे क्रमांक पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाच्या मालिकेत बसतात. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर ४१६७०२ म्हणजे कोल्हापूरच्या मालिकेत आहे. सिंधुदुर्गातील सावंतवाडी (४१६५१०) आणि वेंगुर्ले (४१६५१६) हीसुद्धा कोल्हापूरच्याच रांगेत उभी आहेत.

जिल्ह्यांचा नकाशा आणि टपालाचा नकाशा असे दोन वेगवेगळे नकाशे येथे दिसतात. जिल्ह्याच्या नकाशात सह्याद्रीचा माथा ही सरहद्द आहे. टपालाच्या नकाशात तो माथा ओलांडला गेला आहे. याचे कारण उघड आहे. टपाल सीमा पाहून जात नाही, ते वाट पाहून जाते. त्या वाटा कोणत्या, त्या कोणी वापरल्या आणि औंधसारख्या आडबाजूच्या राजधानीचे त्यांच्याशी नाते काय, याचा हा मागोवा.

देश, कोकण आणि मधली भिंत

सह्याद्रीच्या पूर्वेस देश आणि पश्चिमेस कोकण. मधला कडा बहुतेक ठिकाणी दोन-अडीच हजार फूट सरळ तुटलेला. त्यामुळे दोन्ही बाजूंचे दळणवळण मोजक्या खिंडींतूनच होऊ शकत असे. उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना भोर आणि महाड यांना जोडणारा वरंधा घाट, जावळीच्या खोऱ्यातून उतरणारा पार घाट, पाटण आणि चिपळूण यांच्यामधला कुंभार्ली, विशाळगडाच्या छायेतला आंबा, राजापूरकडे जाणारा अणुस्कुरा, मग करूळ, फोंडा, आंबोली आणि रामघाट अशी ही मालिका आहे. घाटाच्या वर बाजारपेठ आणि खाली बंदर, असे या वाटांचे सर्वसाधारण स्वरूप होते. वर कऱ्हाड, तर खाली वाशिष्ठीकाठचे चिपळूण. वर कोल्हापूर, तर खाली राजापूर. वर बेळगाव, तर खाली वेंगुर्ले.

मालाचे तांडे बैलांच्या पाठीवरून घाट चढत-उतरत. त्यांना घाई नसे. निरोपाला मात्र घाई असते. म्हणून तांड्याची वाट आणि निरोप्याची वाट नेहमीच एक असेल असे नाही. तांडा सोपा उतार शोधी, निरोप्या जवळची पाऊलवाट धरी. घाटमाथ्यावरच्या अनेक लहान नाळा गाडीवाटेच्या कामाच्या नव्हत्या, पण एकट्या माणसाला पुरेशा होत्या.

बातमी आधी पोचते की शत्रू, या प्रश्नाचे उत्तर सह्याद्रीत अनेकदा या वाटांनीच दिले आहे. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले. मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूने निघून, अवघड घाट उतरून अनपेक्षित वेगाने संगमेश्वरावर आला होता. ज्या डोंगरावर भिंत म्हणून विसंबावे, त्याच डोंगरातली वाट वैऱ्याला सापडली, तर काय होते याचा हा सर्वांत कटू दाखला होय.

जासूद, कासीद आणि सांडणीस्वार

मराठी राज्यात आजच्या अर्थाने सार्वजनिक टपाल नव्हते. सामान्य रयतेने पत्र लिहावे आणि ठरावीक दर भरून ते पाठवावे, अशी सोय नव्हती. जे होते ते दरबाराचे, सरदारांचे आणि सावकारांचे. त्यात काम करणाऱ्या माणसांना जासूद, हरकारे, कासीद अशी नावे होती. जासूद हा नुसता पत्रवाहक नसे, तो बातमीदारही असे. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांचे नाव याच परंपरेत घेतले जाते. सपाटीवर लांबचा पल्ला असेल, तर सांडणीस्वार, म्हणजे उंटावरचा दूत धाडीत. डोंगरात मात्र उंट निरुपयोगी आणि घोडाही अर्ध्याच उपयोगाचा. तेथे माणसाच्या पायांवरच भरवसा ठेवावा लागे.

पेशवेकालीन पत्रव्यवहारात जासुदांची 'जोडी' पाठवल्याचे उल्लेख वारंवार येतात. दोघांना एकत्र धाडण्यामागे व्यवहार होता. वाटेत एक आजारी पडला, चोरांच्या हाती लागला किंवा नदीला अडकला, तरी दुसरा पत्र घेऊन पुढे जाऊ शके. कामाच्या मजुरीला अजुरा म्हणत आणि अशा मजुरीवर ठरवलेल्या दूताला अजुरदार. किती दिवसांत पोचायचे याची मुदत घालून मोबदला ठरवण्याची रीत होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर वेळेच्या हमीची ही सेवा होती.

सावकारांची डाक पुष्कळदा सरकारी डाकेहून जलद असे, कारण हुंडीच्या व्यवहारात एका दिवसाचा उशीरही महाग पडे. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना उत्तरेकडे जात असताना कळली, तीसुद्धा एका सावकारी पत्रातून, ही गोष्ट मराठी वाचकांना परिचित आहे.

एक शब्द येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. उत्तर हिंदुस्थानात 'डाक' हा शब्द रूढ आहे, तर दख्खनेत आणि त्याहून दक्षिणेकडे 'टपाल'. मराठीने दोन्ही ठेवून घेतले. पत्रे आणि खाते टपालाचे, पण प्रवासात उतरण्याचा बंगला मात्र डाकबंगला. दोन प्रदेशांच्या मधोमध असलेल्या भाषेला हे साजेसेच म्हणावे लागेल.

प्रतिनिधींचे घराणे आणि घाटाची राखण

औंधच्या घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हे किन्हईचे. राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीकडे गेल्यावर महाराष्ट्रात मोगलांशी झुंज चालू ठेवण्याची जबाबदारी रामचंद्रपंत अमात्यांवर पडली आणि त्यांच्या हाताखाली परशुराम त्रिंबक पुढे आले. छत्रपती तमिळ देशात आणि राज्य सह्याद्रीत, अशा त्या विलक्षण काळात सनदा, हुकूम आणि बातम्या यांची ने-आण शत्रूच्या मुलखातून करावी लागे. राज्य टिकले, त्यात तलवारीचा वाटा होताच, पण पत्रे नेणाऱ्या अनाम माणसांचाही होता. पुढे परशुराम त्रिंबक यांना प्रतिनिधिपद मिळाले.

१७०७ नंतर सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, तेव्हा या घराण्याच्याही दोन शाखा झाल्या. साताऱ्याचे प्रतिनिधी पुढे औंधकर म्हणून ओळखले गेले, तर कोल्हापूरचे प्रतिनिधी विशाळगडकर. विशाळगड हा आंबा घाटाच्या परिसरावर नजर ठेवणारा किल्ला. म्हणजे एक शाखा देशावर, कृष्णा आणि येरळा यांच्या मुलखात, तर दुसरी थेट घाटमाथ्यावर. डोंगराची वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकातही आणि बातमीही, हे त्या काळच्या सरदारांना नकाशाशिवाय ठाऊक होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांचे राज्य ठेवले आणि औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट यांसारख्या जहागीरदारांशी करार केले. १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले. त्यांनी घेतलेले दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा खालसा केले. जहागिरी मात्र इंग्रजांच्या देखरेखीखाली टिकल्या. त्यातलेच एक औंध.

साताऱ्याहून सिंधकडे

या सत्तांतराच्या वेळी साताऱ्यात बार्टल फ्रिअर हा इंग्रज अधिकारी होता. तो आधी दरबारातील रेसिडेंट आणि राज्य खालसा झाल्यावर तेथील कमिशनर झाला. १८५० मध्ये त्याची सिंध प्रांतात बदली झाली. तेथे त्याने पायी धावणाऱ्या हरकाऱ्यांच्या जागी घोडे आणि उंट यांची डाक सुरू केली आणि १ जुलै १८५२ रोजी 'सिंध डाक' या नावाने तिकिटे काढली. आशिया खंडातील पहिली टपाल तिकिटे म्हणून ती आज संग्राहकांच्या जगात प्रसिद्ध आहेत. हाच फ्रिअर पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता.

सर्व हिंदुस्थानासाठी टपालाचा कायदा १८३७ मध्ये झाला. त्याने पत्रे वाहून नेण्याचा मक्ता सरकारकडे घेतला. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे टपालहशील अंतरावर अवलंबून होते. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र धाडायला एक रुपया पडे. अर्थातच ही सेवा साहेब, सावकार आणि संस्थानिक यांच्यापुरती होती. १८५४ च्या ऑक्टोबरपासून चित्र पालटले. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र देशात कोठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागले. दर ठरवताना अंतर हा मुद्दाच उरला नाही. कऱ्हाडहून चिपळूणला जाणारे पत्र आणि कऱ्हाडहून पेशावरला जाणारे पत्र, दोहोंना तिकीट तेवढेच. डोंगर ओलांडण्याचे मोल पत्र लिहिणाऱ्याच्या खिशातून गेले. ते उचलले हरकाऱ्याच्या पायांनी.

घुंगूरकाठीचा टप्पा

टपालाचा रस्ता टप्प्यांत विभागलेला असे. एका हरकाऱ्याने काही कोस धावायचे, पुढच्या चौकीवर थैली दुसऱ्याच्या हवाली करायची आणि उलट दिशेची थैली घेऊन परतायचे. त्याच्या खांद्यावर थैली आणि हातात घुंगूर लावलेली काठी किंवा भाला असे. घुंगरांचा उपयोग तिहेरी होता. पुढच्या चौकीवरच्या माणसाला डाक आल्याची वर्दी मिळे, वाटेवरचे लोक बाजूला होत आणि रानातले जनावर आवाजाने दूर जाई. रात्रीच्या धावेत मशालजीची सोबत असे. पावसाळ्यात नद्यांना पूर आला, की नावाडी मिळेपर्यंत थैली डोक्यावर धरून बसणे हाही कामाचाच भाग होता.

सह्याद्रीत या कामाला आणखी एक पैलू होता. कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांचे मुंबईशी दळणवळण मुख्यतः समुद्रातून चाले. पण जूनमध्ये समुद्र खवळला, की गलबते आणि पुढच्या काळात आगबोटीही बंद होत. मग घाटाची वाट तेवढी उरे. ज्या महिन्यांत घाटात सर्वाधिक पाऊस, धुके आणि दरडी, नेमक्या त्याच महिन्यांत त्या वाटेचे महत्त्व सर्वाधिक असा हा उलटा हिशेब होता.

आणि थैलीत केवळ ख्यालीखुशालीची पत्रे नसत. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० पासून मनिऑर्डर टपाल खात्याकडे आली. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या घाटावरच्या आणि कोकणातल्या चाकरमान्यांची कमाई आता गावच्या घरी टपालातून येऊ लागली. सातारा आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतून मुंबईला जाणाऱ्यांची रीघ मोठी. त्यामुळे डोंगराच्या दोन्ही बाजूंची खेडी पोस्टमनची सारख्याच आतुरतेने वाट पाहत. थैली एक दिवस उशिरा आली, तर कोठे तरी वाण्याची उधारी एक दिवस वाढे. टपालवाटेच्या इतिहासातले खरे मोल येथे आहे.

पाऊलवाटेचा गाडीरस्ता

हरकाऱ्याला पाऊलवाट पुरत असे, डाकेच्या टांग्याला मात्र बांधलेला रस्ता हवा होता. पुणे आणि पनवेल यांच्यामधल्या बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि मुंबईचा देशाशी पक्का संबंध जुळला. पुण्यापासून दक्षिणेकडे कात्रज, शिरवळजवळची नीरा आणि खंबाटकी ओलांडत सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर आणि बेळगावकडे जाणारा रस्ता हा या मुलखातील टपालाचा कणा बनला. आजचा पुणे-बंगळूर महामार्ग बराचसा त्याच दिशेने जातो.

या कण्यापासून डावी-उजवीकडे फांद्या फुटल्या. एक फांदी वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी आणि महाबळेश्वरला गेली. १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे आल्यावर तेथे माल्कमपेठ वसली. गव्हर्नर आणि त्याचे कार्यालय उन्हाळ्यात तेथे मुक्कामाला येऊ लागल्यावर सरकारी थैलीही त्यांच्या मागोमाग डोंगर चढू लागली. महाबळेश्वरहून खाली कोकणात उतरायला जुनी पार घाटाची आणि रडतोंडीची वाट होती. नावातच तिची ख्याती कळते. १८७० च्या दशकात तिच्याऐवजी आंबेनळीचा वळणावळणांचा रस्ता झाला. त्याला तेव्हा फिट्झगेराल्ड घाट असे नाव दिले गेले. आज तो पोलादपूर आणि महाबळेश्वर यांना जोडतो.

दुसरी फांदी कऱ्हाडहून कोयनेच्या काठाने पाटण, हेळवाक आणि तेथून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरली. तिसरी कोल्हापूरहून निघून वेगवेगळ्या घाटांनी राजापूर आणि मालवणकडे गेली. बेळगावच्या छावणीचा वेंगुर्ले बंदराशी संबंध आधी रामघाटाने होता, नंतर आंबोली, म्हणजेच पारपोली घाटाने जुळला. पिनकोडाच्या मालिका या फांद्यांवर ठेवून पाहिल्या, की त्या जवळजवळ तंतोतंत जुळतात. ४१२ ही पुण्याहून खंबाटकीमार्गे वाई-महाबळेश्वरला जाणारी फांदी. ४१५ ही कऱ्हाड आणि कुंभार्लीची. ४१६ ही कोल्हापूर आणि त्याखालच्या घाटांची.

विखुरलेले संस्थान

औंधच्या बाबतीत ही टपालवाट नुसती सोय नव्हती, ती राज्याची गरज होती. औंध संस्थान सुमारे ५०० चौरस मैलांचे, ७२ गावांचे. पण ते एका जागी नव्हते. औंध आणि परिसराचा एक तुकडा, दक्षिणेला कुंडलचा दुसरा, पूर्वेला दुष्काळी पट्ट्यात आटपाडीचा तिसरा आणि पार विजापूरकडे गुणदाळचा चौथा. मधला मुलूख इंग्रजांचा किंवा इतर संस्थानिकांचा. राजधानीतून निघालेला हुकूम आपल्याच रयतेपर्यंत पोचण्यासाठी परक्या हद्दीतून जावा लागे. ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा त्रावणकोर यांसारख्या मोठ्या संस्थानांनी आपले टपाल, निदान आपली तिकिटे राखली. विखुरलेल्या लहान संस्थानांना ते परवडण्याजोगे नव्हते. त्यांचे पत्र इंग्रजी अंमलाच्या टपालातूनच जाई.

१८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याहून मिरजेकडे मीटरगेज लोहमार्ग झाला आणि टपालाचा कणा रस्त्यावरून रुळांवर आला. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर फाटाही सुरू झाला. हा मार्ग औंधला शिवत नाही. सर्वांत जवळचे स्थानक रहिमतपूर. तेथून पुढे जुन्याच रस्त्याने जायचे. पण संस्थानच्या कुंडल तुकड्याशेजारून तो गेला आणि त्यामुळे एक वेगळीच कथा घडली.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आपला कारखाना हलवण्यासाठी जागा शोधत होते. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांना दिला. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले. येथून नांगर आणि पंप बाहेर पडले, तशीच मासिकेही बाहेर पडली. १९२० मध्ये सुरू झालेली 'किर्लोस्कर खबर' पुढे 'किर्लोस्कर' झाली. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आले. शंकरराव किर्लोस्करांनी संपादित केलेली ही मासिके एका माळरानावरच्या वसाहतीतून टपालाने मराठी घराघरांत पोचत. मुंबई-पुण्याबाहेरून, एका चिमुकल्या संस्थानातून एवढा मोठा वाचकवर्ग बांधता आला, त्यामागे संपादकाची दृष्टी होती, तशीच रोज वेळेवर भरली जाणारी टपालाची थैलीही होती.

औंध गावातही असेच घडले. मूळचे सावंतवाडीकडचे, कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे औंधला येऊन राहिले आणि १९४८ पर्यंत त्यांचे स्वाध्याय मंडळ तेथे चालले. वेदांच्या संहिता, त्यांची भाषांतरे आणि 'वैदिक धर्म', 'पुरुषार्थ' यांसारखी नियतकालिके येथे छापली गेली आणि देशभर गेली. रेल्वे नसलेल्या या गावातून हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत पुस्तकांची पार्सले जात. राजधानी लहान असली, तरी टपालाने तिचा पल्ला मोठा केला.

सरहद्दीचा दुसरा उपयोग

१९३९ मध्ये महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली औंधला लोकसत्ताक राज्यघटना मिळाली आणि राजाने आपले अधिकार रयतेच्या हाती सोपवले. युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे उभारलेली कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. तिच्यावरूनच व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' सुचला.

१९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा या तुटक सीमांना अचानक नवा अर्थ आला. कुंडल हे औंध संस्थानातले गाव. इंग्रजी हद्दीत पाठलाग सुरू झाला, की कार्यकर्ते संस्थानी हद्दीत सरकत. तूफान सेनेचे केंद्र कुंडललाच होते. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली गेली, ती याच लोहमार्गावर. सरकारच्या तारा तोडल्या जात असताना प्रतिसरकारचे स्वतःचे निरोपे मात्र रानवाटांनी गावोगाव फिरत. चिठ्ठी पदरात लपवून नेणाऱ्या स्त्रियाही त्यांत होत्या. जासुदांच्या जोड्यांची जुनी परंपरा जणू पुन्हा एकदा पाऊलवाटेवर आली. फरक इतकाच, की या वेळी पत्र राजाचे नव्हते.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. तुकडे ज्या त्या जिल्ह्यांत गेले. औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, तर गुणदाळ कर्नाटकात आहे.

रुळांवरून, रस्त्यावरून, आकड्यांत

त्याच वर्षी जूनमध्ये राज्य परिवहनाची पहिली एस.टी. धावली. पुढची अनेक दशके आडगावच्या टपालाची थैली एस.टी.च्या टपावरून किंवा वाहकाच्या आसनाशेजारून गेली. घाटातला हरकारा हळूहळू दिसेनासा झाला. कुंभार्ली, आंबा, फोंडा आणि आंबोली घाटांतून बस जाऊ लागल्यावर, जेथे पूर्वी एक पावसाळी रात्र जाई, तेथे काही तास पुरू लागले.

पिनकोड आखला गेला तो या टप्प्यावर. १९७२ साली रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या मुलखात रेल्वे नव्हती. कोकणाच्या या पट्ट्याचा देशाशी संबंध घाटांतूनच होता. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. आता चिपळूणचे पत्र मुंबईहून सरळ किनाऱ्याच्या बाजूने येऊ शकते. तरीही चिपळूणच्या पत्त्यावरचे ४१५ बदललेले नाही. वाट बदलली, आकडा राहिला. म्हणूनच हा आकडा इतिहासाच्या साधनासारखा वाचता येतो. आटपाडीचा क्रमांक ४१५३०१ आणि औंधचा ४१५५१० आहे. जिल्हे वेगळे झाले, तरी एकेकाळी एकाच राजाची असलेली ही दोन गावे टपालाच्या एकाच मालिकेत आहेत. कुंडल (४१६३०९) आणि किर्लोस्करवाडी (४१६३०८) मात्र मिरज-कोल्हापूरच्या बाजूला गेली. राजाची मर्जी किंवा जिल्ह्याची हद्द यांपेक्षा रस्त्याचे ओढणे प्रबळ असते, ते असे.

गेल्या काही वर्षांत टपालाचे जग वेगाने बदलले आहे. २०२५ मध्ये नोंदणीकृत टपाल ही स्वतंत्र सेवा न राहता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी मे महिन्यात टपाल खात्याने 'डिजिपिन' ही नवी पद्धत जाहीर केली. देशाचा सगळा भूभाग सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण देणारी ही योजना आहे. ज्या वाडीला रस्त्याचे नाव नाही, घराला क्रमांक नाही, तेथे रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दल नेमके पोचावे, यासाठी ती उपयोगी आहे यात शंका नाही. डोंगरातल्या धनगरवाड्यांना तिची गरज मुंबईपेक्षा अधिक आहे.

पण ही नवी खूण अक्षांश-रेखांशांवरून घडते. तिला जागा माहीत असते, तेथे पोचण्याची वाट माहीत नसते. जुना पिनकोड रद्द झालेला नाही, तो पत्त्यावर तसाच राहणार आहे, ही समाधानाची बाब होय. कारण त्या सहा आकड्यांत एक मुलूख कसा जोडला गेला याची नोंद आहे. कऱ्हाडहून कुंभार्ली उतरणारा हरकारा, पसरणी चढणारा टांगा, रहिमतपूर स्थानकावर उतरलेली आणि औंधकडे निघालेली थैली, यांच्यापैकी कोणाचेही नाव इतिहासाच्या पुस्तकात नाही. त्यांची वाट मात्र आपण आजही प्रत्येक पाकिटावर लिहितो. पुढच्या वेळी चिपळूणच्या आप्ताला पत्र धाडताना ४१५ हे आकडे लिहिताना क्षणभर थांबावे. डोंगर ओलांडल्याची ती पोच आहे.